वसई किल्ल्याचे पोर्तुगीज कप्तान आणि उत्तरेचे जनरल

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ रोजीच्या तहान्वये वसई व आसपासची बेटे पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. गव्हर्नर नुनो द कुन्हा यांनी १५३६ साली दगडी किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ केला आणि आपले मेहुणे गार्सिया द सा यांना वसईचे पहिले कप्तान नेमले.

कप्तानपद

किल्ल्यातील शिबंदी, तटबंदी आणि शहराचे रक्षण ही कप्तानाची जबाबदारी होती. महसूल व न्याय यांसाठी स्वतंत्र अधिकारी असत. राजसेवेचे बक्षीस म्हणून हे पद सामान्यतः तीन वर्षांसाठी दिले जाई. त्यामुळे कप्तान येत आणि जात. वसईच्या कप्तानपदाची प्रतिष्ठा मात्र मोठी होती. गार्सिया द सा (१५४८), जॉर्ज काब्राल (१५४९) आणि फ्रान्सिस्को बार्रेतो (१५५५) हे तिघेही वसईचे कप्तानपद भूषवून पुढे गोव्यात गव्हर्नर झाले.

उत्तरेचे जनरल

पुढे चौलपासून दमणपर्यंतच्या ठाण्यांवर देखरेख करण्यासाठी 'उत्तरेचा जनरल' हे पद निर्माण झाले. या जनरलचे वास्तव्य वसईच्या किल्ल्यात असे.

अखेरचे सेनानी

१७३७ साली मराठ्यांनी ठाणे व साष्टी जिंकली. ठाणे परत मिळवण्याच्या प्रयत्नात डिसेंबर १७३८ मध्ये जनरल पेद्रो द मेलो तोफगोळा लागून ठार झाले. चिमाजी आप्पांनी वसईला वेढा दिल्यावर किल्ल्याचे सेनानी मार्टिनो द सिल्वेरा हेही कामी आले. तेव्हा उरलेल्या सैन्याची सूत्रे काएतानो द सौझा परैरा यांच्या हाती आली.

दोन्ही बाजूंची अपरिमित हानी झाल्यावर मे १७३९ मध्ये त्यांनी शरणागतीच्या तहावर सही केली. शस्त्रे व निशाणे घेऊन सन्मानाने बाहेर पडण्याची सैन्याची मागणी त्यात होतीच. परंतु मागे राहणाऱ्या ख्रिस्ती जनतेस आपल्या धर्माचे मुक्तपणे आचरण करता यावे, तसेच वसई शहरात, कसब्यात व साष्टीत प्रत्येकी एक चर्च राखले जावे, अशीही कलमे होती. चिमाजी आप्पांनी हा तह मान्य केला. त्यानंतर शंकराजी केशव फडके हे वसईचे सरसुभेदार झाले.

वारसा

दोनशे वर्षांच्या या परंपरेतील बहुतेक कप्तानांची नावे आज केवळ अभ्यासकांनाच ठाऊक आहेत. उलट, याच वसईत जन्मलेले आणि १५९७ साली नागासाकी येथे हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव घरोघरी घेतले जाते. संरक्षणासाठी उभारलेला तट अखेर पडला. श्रद्धा मात्र टिकली, कारण सैन्य गलबतांत बसून निघून गेले तरी भाविक आपल्या मातीतच राहिले. त्यांच्या उपासनेचा हक्क लेखी मागून घेणारे काएतानो परैरा हे वसईचे पराभूत सेनानी खरे. तरीही ख्रिस्ती समाजाने कृतज्ञतेने स्मरावे, असे काम त्यांच्याच हातून घडले.