शेटलंडच्या लहान होड्या : बांधणी, बांधणारे आणि शब्द

नौकानयनाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी साहजिकच मोठ्या जहाजांकडे वळते. जहाजाला मालक असतो, जकातीची नोंद असते, आरमाराचे दफ्तर असते. चार-सहा वल्ह्यांच्या होडीच्या वाट्याला यांपैकी फारसे काही येत नाही. ती किनाऱ्यावरच बांधली जाते, बांधणारा बहुधा कागदावर आराखडा काढीत नाही, आणि होडी निकामी झाली म्हणजे ती उपडी घालून तिचे एखाद्या खोपटावर छप्पर केले जाते. अशा वस्तूचा इतिहास लिहावयाचा तर मुख्य साक्षीदार दोनच उरतात. एक, दैवयोगाने टिकून राहिलेली होडी. आणि दुसरा, तिच्या भागांची नावे. प्रस्तुत लेखात स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांच्या होड्यांच्या संदर्भात या दुसऱ्या साक्षीदाराची जबानी घेण्याचा विचार आहे. या बेटांची निवड करण्याचे कारण असे की तेथील भाषा नष्ट झाली, पण होडीतले शब्द राहिले. आणि आज हौशी लोक तशाच घाटाच्या होड्या पुन्हा बांधू लागले असताना शब्दांचे काय होणार, हा प्रश्न तेथे स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

शेटलंडमध्ये नवव्या शतकाच्या सुमारास नॉर्वेकडील लोक येऊन स्थायिक झाले. त्यांच्या प्राचीन नॉर्स भाषेपासून तेथे जी बोली तयार झाली तिला नॉर्न असे म्हणतात. 1469 मध्ये डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला क्रिस्तियान याने आपल्या मुलीच्या हुंड्यापोटी ही बेटे स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेविली. ते गहाण कधीच सुटले नाही. पुढील तीन शतकांत राज्यकारभार, धर्मोपदेश आणि व्यापार यांची भाषा स्कॉट्स व इंग्रजी झाली आणि नॉर्न मागे हटत गेली. तथापि राजकीय संबंध तुटला तरी समुद्रावरील संबंध तुटला नाही. लरविक या तेथील मुख्य बंदरापासून अ‍ॅबर्डीन आणि नॉर्वेतील बर्गेन ही बंदरे जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत.

शिवाय शेटलंडमध्ये झाडे नाहीत. होडीसाठी लागणारे लाकूड बाहेरूनच आणावे लागे, आणि ते प्रामुख्याने नॉर्वेहून येई. येथे एक विशेष गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नुसते लाकूडच येत असे असे नव्हे. बर्गेनच्या दक्षिणेकडील खाड्यांतील कारागीर होडी पूर्ण बांधीत, मग ती सोडवून फळ्या आणि वासे जहाजावर चढवीत, आणि शेटलंडमध्ये ते पुन्हा जोडले जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील बहुतेक होड्या अशाच आलेल्या होत्या. पुढे जकातीच्या वाढत्या ओझ्यामुळे तयार भाग येणे कमी झाले आणि स्थानिक बांधणारे आयात लाकडातून होड्या घडवू लागले. परंतु घाट तोच राहिला. दोन्ही टोकांस निमुळती, हलकी, लाटेवर तरंगत जाणारी ही होडी नॉर्वेतल्या होडीची सख्खी बहीण आहे हे पाहताक्षणी ओळखू येते.

हिची बांधणी समजून घेतल्याशिवाय पुढील शब्दचर्चा नीट कळणार नाही. प्रथम तळाचा लांब वासा, म्हणजे पठाण, मांडावयाचा. त्याच्या दोन्ही टोकांस वर वळलेली लाकडे बसवावयाची. मग खालून वर एकेक फळी अशी चढवावयाची की वरच्या फळीची कड खालच्या फळीच्या कडेवर चढून बसेल. या दुहेरी कडेतून खिळे ठोकून त्यांची टोके आतून बोथट करावयाची. फळ्यांचे कवच तयार झाल्यावर मगच आतून आडव्या बरगड्या घालावयाच्या. म्हणजे सांगाडा आधी आणि फळ्या नंतर, असा क्रम येथे नाही. होडीचा आकार फळ्यांच्या रुंदीतून आणि त्या एकमेकींशी करीत असलेल्या कोनातून निर्माण होतो. तो कोन बांधणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. ओस या नॉर्वेतील गावाची जी ‘ओसेल्वार’ होडी, तिच्या लहान प्रकारात प्रत्येक बाजूस केवळ तीन रुंद फळ्या असतात. तेव्हा एका फळीचा कोन चुकला तरी ती चूक झाकावयास जागा उरत नाही.

शेटलंडमधील होड्यांचे तीन प्रकार विशेष प्रसिद्ध आहेत. चार वल्ह्यांची ती ‘फोररीन’ व सहा वल्ह्यांची ती ‘सिक्सरीन’. ही नावे प्राचीन नॉर्समधील ‘फेराइरिंग्र’ आणि ‘सेक्साइरिंग्र’ या शब्दांपासून आली आहेत. तिसरा प्रकार ‘योल’. ही अरुंद आणि चपळ होडी मुख्य बेटाच्या दक्षिण टोकाशी व फेअर आयल बेटाभोवती, भरतीओहोटीच्या जोरदार प्रवाहांत मासेमारीसाठी वापरीत. सिक्सरीन मात्र सुमारे 30 फुटांपर्यंत लांब असे आणि तिला चौकोनी शीडही असे. तिच्यातून सहा माणसे किनाऱ्यापासून 40 मैलांपर्यंत खोल समुद्रात जात. ही माणसे धंद्याने खलाशी नव्हती. जमीनदाराची कुळे होती. जमीन कसावयास मिळावी म्हणून त्यांना मासे धरून द्यावे लागत. 20 जुलै 1881 च्या रात्री अचानक उठलेल्या वादळात अशा 10 होड्या बुडाल्या आणि 58 माणसे मृत्यू पावली. त्यानंतर पूर्ण तक्तपोशीच्या मोठ्या नौका रूढ होत गेल्या आणि उघड्या होडीतील ही मासेमारी संपत आली.

आता भाषेकडे वळू. 1774 मध्ये जॉर्ज लो या धर्मोपदेशकाने फूला या एकाकी बेटावर नॉर्न भाषेतील एक लांब गीत, एक प्रार्थना आणि सुमारे तीस शब्द लिहून घेतले. होडी, शीड आणि डोलकाठी यांचे शब्द त्या लहानशा यादीतही आहेत : ‘क्नोरिन’, ‘सेग्ल’, ‘मॉस्टिन’. यांतील पहिल्या व तिसऱ्या शब्दाच्या शेवटी असलेला ‘इन’ हा प्रत्यय म्हणजे नॉर्सचे निश्चयवाचक उपपद होय. लो यांच्या काळी व्याकरणाची गुंफण विसविशीत झाली होती, पण तिचे धागे अजून दिसत होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नॉर्न बोलणारे कोणी उरले नाही.

1893 ते 1895 या काळात फेरो बेटांतील भाषाशास्त्रज्ञ याकोब याकोबसेन शेटलंडमध्ये हिंडले. भाषा मृत झाल्यावर सुमारे चाळीस वर्षांनी त्यांनी तेथील लोकांच्या तोंडून सुमारे दहा हजार नॉर्न शब्द गोळा केले. 1897 मध्ये त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. व्युत्पत्तिकोश 1908 पासून खंडशः निघू लागला आणि याकोबसेन यांच्या 1918 मधील निधनानंतर, 1921 मध्ये, पूर्ण झाला. या शब्दांची विभागणी पाहिली म्हणजे लक्षात येते की त्यांतील फार मोठा भाग हवा, जमीन, जनावरे, समुद्र आणि होडी यांसंबंधीचा आहे.

होडीतले काही शब्द येथे नमूद करतो. वल्हेकऱ्याच्या बसावयाच्या आडव्या फळीला ‘टाफ्ट’ म्हणत. मूळ नॉर्स शब्द ‘थोप्ता’. वल्हे ज्या खुंटीला टेकते ती ‘केब’, मूळ ‘केइप्र’. त्या खुंटीशी वल्हे अडकवून ठेवणारा दोरीचा किंवा चामड्याचा फास ‘हम्लीबांद’. पाणी उपसावयाचे भांडे ‘ऑस्केरी’; मूळ ‘आउस्केर’. तळाच्या भोकाचे बूच ‘नाइल’, मूळ ‘नेग्ला’. होडी वाळूवरून ओढताना खाली घालावयाचे ओंडके ‘लिन’. आतील बरगडीला ‘बँड’ म्हणत, आणि किनाऱ्यावर होडी ठेवण्यासाठी खणलेल्या खळग्याला ‘नूस्ट’. या शेवटच्या दोन शब्दांपाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. नॉर्स ‘बँड’ आणि संस्कृत ‘बन्ध्’ यांचा धातू एकच आहे. आपण होडी ‘बांधतो’ तेव्हा तोच धातू उच्चारतो. आणि ‘नूस्ट’ म्हणजे मूळ ‘नाउस्त’. त्याच्या पूर्वभागात संस्कृत ‘नौ’ शब्दाचा सगोत्र आहे, तर उत्तरभाग ‘स्था’ धातूशी संबद्ध मानला जातो. नौकेची उभी राहावयाची जागा, असा त्याचा सरळ अर्थ.

भाषा गेल्यावरही हे शब्द का राहिले? दुसरे शब्द उपलब्ध नव्हते म्हणून, हे उत्तर पुरेसे नाही. वल्ह्याच्या खुंटीला किंवा बसावयाच्या फळीला स्कॉट्समध्ये शब्द होतेच. माझ्या मते कारणे दोन आहेत. पहिले असे की वस्तू नॉर्वेहून येतच राहिली. गहाणखताने राज्य बदलले, परंतु त्याच घाटाची, त्याच भागांची होडी पिढ्यान् पिढ्या येत राहिल्यामुळे नावांना आधार राहिला. दुसरे कारण होडीतील बोलण्याच्या स्वरूपात आहे. तेथे संभाषण थोडे आणि सूचना अधिक. पाणी शिरू लागले असता भांड्याचे नाव सर्वांच्या तोंडी एकच असावे लागते. त्यात भर पडली ती निषिद्ध शब्दांच्या प्रथेची. खोल समुद्रात गेल्यावर चर्च, पाद्री, मांजर, सुरी यांची नेहमीची नावे घेणे अशुभ मानीत आणि त्यांऐवजी वेगळे शब्द वापरीत. उदाहरणार्थ, चर्चला ‘बेनिहूस’, म्हणजे प्रार्थनेचे घर, म्हणत. जमिनीवर मेलेली भाषा समुद्रावर काही काळ जिवंत राहिली ती अशी.

मात्र शब्दाची साक्ष तपासून घ्यावी लागते. होडीच्या तळाशी टाकावयाच्या सुट्या फळ्यांना शेटलंडमध्ये ‘टिल्फर’ म्हणतात. मूळ नॉर्स ‘थिलफार’चा अर्थ मात्र नौकेची तक्तपोशी, म्हणजे वरचा मजला. उघड्या होडीला वरचा मजला नाही; म्हणून शब्द खाली तळाशी आला. शब्द टिकला याचा अर्थ वस्तू जशीच्या तशी टिकली असा नव्हे, हे इतिहासकाराने विसरू नये.

येथवरचे विवेचन गतकाळाचे झाले. होडीच्या इतिहासाला अलीकडे एक नवे वळण लागले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्याला दाद न देणारा सरस आणि चांगल्या प्रतीचे प्लायवूड सर्वत्र मिळू लागले आणि सुतारकाम न शिकलेल्या माणसालाही होडी करणे शक्य झाले. 1963 मध्ये इंग्लंडमधील एका दैनिकाच्या पुढाकाराने निघालेली ‘मिरर’ ही सुमारे 11 फुटांची शिडाची होडी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तिच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवून सांधे सरसाने बुजवीत. अशा 70,000 हून अधिक होड्या झाल्या. परंतु तिचा घाट नवा होता. परंपरेशी तिचे नाते नव्हते.

ते नाते जोडण्याचा प्रयत्न 2009 मध्ये झाला. अ‍ॅन्स्ट्रदर येथील स्कॉटिश मत्स्यव्यवसाय संग्रहालयाने, होडीचे भाग कापून देणाऱ्या एका व्यावसायिकाच्या साहाय्याने, किनाऱ्यावरील गावांनी स्वतः बांधावी अशी एक होडी योजिली. संग्रहातील फेअर आयलच्या होडीवरून इयन ऑट्रेड या रचनाकाराने तिचा आराखडा केला. 22 फूट लांब, चार वल्हेकरी आणि एक सुकाणूधारी अशी ही ‘सेंट आयल्स’ होडी होय. यंत्राने कापलेल्या प्लायवूडच्या फळ्या आणि साचे गावाकडे येतात. शिक्षक, निवृत्त कारकून, गृहिणी असे लोक गुदामात जमून, साचे उपडे मांडून, सरसाने फळ्या जोडतात. 2010 च्या मे महिन्यात पहिल्या शर्यती झाल्या, 2013 मध्ये उल्लापूल येथे जागतिक स्पर्धा भरली, आणि अशा होड्यांची संख्या शंभराच्या कितीतरी पुढे गेली.

ही होडी पारंपरिक म्हणावयाची काय? काही जाणकार तसे म्हणावयास तयार नसतात. प्लायवूड, यंत्राने कापलेल्या कडा, आधी साचा आणि मग फळी हा उलटा क्रम : आक्षेप खोटे नाहीत. पण भाग जोडून होडी उभी करणे हीच परंपरेची हानी मानली, तर नॉर्वेहून आलेले भाग जोडणारी शेटलंडची कुळेही परंपरेबाहेर जातील. तेव्हा भेद नेमका कोठे आहे हे पाहिले पाहिजे. शेटलंडमधला जोडणारा होडी दुरुस्त करता करता ती घडवावयासही शिकला. म्हणूनच भाग येणे कमी झाल्यावर स्थानिक बांधणारे उभे राहिले. साच्याने ठरविलेला कोन मात्र बांधणाऱ्याच्या डोळ्यांत उतरत नाही. ओस येथे 1997 मध्ये ओसेल्वारसाठी जी कार्यशाळा स्थापन झाली तिने हेच ओळखून शिकाऊ कारागिराला उस्तादाजवळ बसविले. 2016 मध्ये युनेस्कोने त्या उपक्रमाची संरक्षणाच्या अनुकरणीय पद्धतींमध्ये नोंद केली.

यावरून मला असे दिसते की होडीचा वारसा तीन पदरी असतो : घाट, हात आणि शब्द. घाट आराखड्याने वाचतो. हात उस्तादाच्या संगतीने वाचतो. शब्द या दोहोंनीही वाचत नाही; तो होडीत बसून, वल्हे हाती घेऊन, दुसऱ्याला हाक देताना वाचतो. 1990 च्या दशकापासून शेटलंडमध्ये योलच्या शर्यती लावणाऱ्या हौशी मंडळींनी ‘केब’ आणि ‘हम्लीबांद’ कोशाबाहेर ठेविले ते याच रीतीने. म्हणून हौशी बांधणाऱ्याला हिणविण्याऐवजी त्याच्या हाती आराखड्याबरोबर शब्दही द्यावेत. तो होडी वापरणार आहे, एवढ्याच कारणाने तो संग्रहालयाहून अधिक काही राखू शकतो.

हा लेख लिहिताना वाचकांनी पाहिलेच असेल की ‘वल्हे ज्या खुंटीला टेकते ती’, ‘पाणी उपसावयाचे भांडे’ असे शब्दसमूह मला वारंवार योजावे लागले. मराठीच्या ग्रंथभाषेची ही स्थिती आहे, किनाऱ्यावरील मराठीची नव्हे. मोल्सवर्थच्या 1831 आणि 1857 च्या कोशांत नौकेसंबंधीचे शब्द नोंदलेले आहेत, पण शब्दाच्या नोंदीत त्या वस्तूचे माप, जागा आणि हाताची क्रिया क्वचितच येते. याकोबसेन भाषा मेल्यानंतर पोहोचले. आपली भाषा जिवंत आहे, पण कोकणच्या किनाऱ्यावर लाकडी होडीची जागा फायबरग्लासची होडी घेत आहे. म्हणजे आपल्याकडे भाषेऐवजी वस्तूच आधी जात आहे. वस्तू गेल्यावर शब्दाला टेकावयास खुंटी राहत नाही. ही नोंद व्हावयाची असेल तर ती होडी बांधली जात असताना, बांधणाऱ्याच्या शेजारी उभे राहूनच झाली पाहिजे.