औषधाआधीची मागणी : गिरणगावातील आरोग्याचा इतिहास

मराठीच्या वर्गात गिरणगाव येते ते बहुधा वाङ्मयाच्या वाटेने. मामा वरेरकरांची 'धावता धोटा', अण्णा भाऊ साठे यांच्या कथा, नारायण सुर्वे यांचे 'माझे विद्यापीठ', जयंत पवार यांचे 'अधांतर' या कृतींतून भोंगा, चाळ, मोर्चा, संप आणि शेवटी बंद पडलेली गिरणी असे एक चित्र विद्यार्थ्यांच्या मनात तयार होते. हे चित्र खोटे नाही. पण या वस्तीत माणसे आजारी कशी पडत, बरी कशी होत, मुले जगत की नाही आणि या गोष्टींसाठी वस्तीतून कोण उभे राहिले, हे प्रश्न त्या चित्राच्या कडेला राहतात. आरोग्य हा जणू डॉक्टरांचा आणि नगरपालिकेचा विषय, चळवळ हा पुढाऱ्यांचा आणि साहित्य हा आमच्यासारख्या मराठी शिकवणाऱ्यांचा, अशी वाटणी आपण नकळत मान्य केलेली असते.

ही वाटणी गिरणगावाने स्वतः कधी केली नव्हती, असे आमचे म्हणणे आहे. शतकभराच्या काळात या वस्तीत ज्यांचे काम रुजले, त्यांनी औषधाच्या आधी वेळ मागितला, विश्रांती मागितली, पाणी मागितले, जेवण आणि पत मागितली. आरोग्याची मागणी आणि संधीची मागणी त्यांच्या लेखी एकच होती.

आरंभ नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून करावा लागतो. १८४८ साली जन्मलेले लोखंडे रेल्वे आणि टपाल खात्यातील नोकरीनंतर गिरणीत भांडारपाल झाले, त्यामुळे गिरणीचे आतले जग त्यांनी रोज पाहिलेले होते. सत्यशोधक चळवळीचे ते कार्यकर्ते होते आणि १८८० पासून 'दीनबंधू' मुंबईहून चालवत होते. १८८१ च्या कारखाना कायद्याने लहान मुलांच्या कामावर काही बंधने घातली होती. प्रौढ कामगाराच्या कामाच्या तासांवर त्यात कसलेच बंधन नव्हते. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्या निवेदनातील मागण्या आज सावकाश वाचण्यासारख्या आहेत. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. कामावर दुखापत झाल्यास कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण वेतन द्यावे आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय करावी.

या पाच मागण्यांत दवाखान्याचा उल्लेख नाही. तरीही आरोग्याच्या मागण्यांची इतकी नेमकी यादी त्या काळात क्वचितच कोणी केली असेल. कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उभ्या असलेल्या शरीराला सर्वांत आधी काय हवे, हे त्या शरीरांच्या शेजारी बसणाऱ्या माणसाने लिहिले होते. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली, ही बाब आपल्या स्त्रीवादी इतिहासातही पुरेशी येत नाही. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

सहाच वर्षांनी या वस्तीची वेगळी परीक्षा झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले. सरकारी यंत्रणेने रोगाकडे पाहिले ते वस्तीकडे बोट दाखवत. घराघरांत शिरून तपासणी, रोग्याला सक्तीने रुग्णालयात हलवणे, सामानसुमान जाळणे हे उपाय सुरू झाले. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. या प्रसंगाचे वर्णन अडाण्यांचा उद्रेक असे करणे सोपे आहे. पण ज्या रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, त्याचे प्रेतही आप्तांच्या हाती लागेल की नाही याची खात्री नाही, त्या रुग्णालयावर विश्वास कोणाच्या शब्दावर ठेवायचा, हा त्या जमावापुढचा खरा प्रश्न होता. सरकारजवळ डॉक्टर होते, शिपाई होते. वस्तीत ज्याचा शब्द चालेल असा माणूस नव्हता.

लोखंडे यांच्याजवळ तो शब्द होता. वीस वर्षांच्या कामातून तो कमावलेला होता. प्लेगच्या रुग्णांसाठी रुग्णालय उभारण्याच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिले आणि त्याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्याआधी पाचच दिवस, ४ फेब्रुवारीला, साथरोगांचा कायदा संमत झाला होता. एकाच आठवड्यातल्या या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे वस्तीतील साथीला तोंड देण्याचे दोन मार्ग स्पष्ट दिसतात. पुढच्याच महिन्यात, सत्यशोधक चळवळीच्याच दुसऱ्या टोकाला, पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांचे देहावसान झाले. हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी उघडलेल्या दवाखान्यात त्या रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या गायकवाड कुटुंबातील मुलाला त्यांनी पाठीवरून आणले आणि संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हे दोन्ही मृत्यू आपल्या चरित्रांत हौतात्म्य म्हणून येतात. आम्हांला त्यांत एका कार्यपद्धतीचे सातत्यही दिसते. ज्यांनी आधी शाळा काढली आणि सुट्टी मिळवून दिली, त्यांच्याच हाती लोकांनी साथीत आपली आजारी मुले सोपवली.

प्लेगनंतर सरकारने १८९८ मध्ये मुंबईत सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापले. नव्या रस्त्यांनी शहरात हवा खेळू लागली खरी, परंतु पाडलेल्या घरांतील गरीब शेजारच्या आधीच भरलेल्या चाळींत शिरले. या गर्दीच्या वस्तीत १९११ साली नारायण मल्हार जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची सोशल सर्व्हिस लीग आली. जोशी हे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सभासद, पेशाने शिक्षक, वृत्तीने अबोल. लीगने रात्रशाळा चालवल्या, पुस्तकांच्या पेट्या चाळीचाळींत फिरवून वाचनालये वस्तीपर्यंत नेली, स्वच्छतेवर मॅजिक लँटर्नच्या चित्रांसह व्याख्याने दिली, दवाखाने उघडले, सहकारी पतपेढ्या काढल्या.

या कामाला मध्यमवर्गीय परोपकार म्हणून बाजूला सारण्याची एक सवय आपल्या समीक्षेत आहे. स्वच्छतेच्या व्याख्यानात उपदेशाचा सूर असे, हे खरे. पाण्याचा नळ शंभर माणसांत एक असताना स्वच्छतेचा उपदेश कितपत पोचणार? पण जोशी तेथे थांबले नाहीत, हे अधिक महत्त्वाचे आहे. चाळींत फिरता फिरता त्यांना कळले की व्याख्यानाने न सुटणारे प्रश्न कायद्याने आणि संघटनेनेच सुटतील. १९२० मध्ये स्थापन झालेल्या आयटकच्या उभारणीत ते होते. त्यानंतर मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू ते सातत्याने मांडत राहिले. चाळीतील दवाखान्यापासून कायदेमंडळापर्यंतचा हा प्रवास आपल्या वैचारिक इतिहासात एक प्रकरण म्हणून वाचला गेला पाहिजे.

त्या प्रवासाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे प्रसूती रजेचा प्रश्न. १९२१ मध्ये मुंबईतील नोंदलेला बालमृत्यूचा आकडा हजारामागे सहाशेहून अधिक होता. तो जसाच्या तसा घेता येत नाही. बाळंतपणाला बायका कोकणात, घाटावर जात, त्यामुळे जन्माची नोंद गावी होई आणि मृत्यूची मुंबईत. ही सूट दिली तरी उरणारे वास्तव भीषणच होते. गिरणीत जाणारी आई तान्ह्या मुलाला अफूची 'बाळगोळी' देऊन निजवी, कारण मुलाने दिवसभर झोपून राहणे हाच तिच्या रोजीचा आधार होता. तिला अफूचे दुष्परिणाम समजावून सांगणारे बरेच होते. तिच्या हाती रजा आणि पैसा देण्याची गोष्ट बोलणारे थोडे होते. जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात आसवले यांनी तसे विधेयक आणले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना मातेची विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची बाब आहे, असा युक्तिवाद केला. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. बाळंतपणाच्या आधी व नंतर काही आठवडे रोज आठ आणे, एवढाच तो लाभ. पण देशातील तो पहिला कायदा होता.

येथे जातीचा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. वस्तीत पाणी कोणाला मिळते आणि दवाखान्याची पायरी कोण चढू शकतो, हे ठरवणारी दुसरी सत्ता होती. दादरचे कामगार पुढारी सीताराम केशव बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात ठराव संमत करून घेतला, त्यात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा यांच्याबरोबर शाळा आणि दवाखानेही अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी होती. १९२७ चा महाडचा सत्याग्रह याच ठरावाच्या अंमलबजावणीशी जोडलेला आहे. गिरणीच्या आतही तीच भिंत होती. तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे, म्हणून सवर्ण विणकर अस्पृश्यांना विणकाम खात्यात येऊ देत नसत. जास्त मजुरीचे ते खाते त्यांना बंद राही. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा पुढे आणला. 'धावता धोटा' शिकवताना त्या धोट्याला कोणाचे ओठ लागू शकत नव्हते, हेही विद्यार्थ्यांना सांगावे असे आम्हांला वाटते.

स्वातंत्र्यानंतरच्या गिरणगावातील आरोग्याचा इतिहास लिहायचा तर तो खानावळीपासून लिहावा लागेल. १९२० च्या दशकात गिरण्यांत सुमारे एकपंचमांश कामगार स्त्रिया होत्या; नंतरच्या दशकांत हे प्रमाण घसरत गेले. बाहेर पडलेल्या, विधवा झालेल्या, टाकलेल्या अनेक स्त्रियांनी घरीच चूल मोठी केली. गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या एकट्या पुरुषांना दोन वेळचे जेवण त्यांनी पुरवले. कामगार महिन्याच्या पगारावर पैसे देणार, वाणी मात्र उधारीवर चढा भाव लावणार आणि सावकार व्याज कापणार, या कात्रीत त्यांचे दागिने आणि भांडी गहाण पडत. शहराची गिरणी ज्यांच्या भाकरीवर चालत होती, त्यांच्या कष्टाला धंदा म्हणायलाही कोणी तयार नव्हते.

गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आणि पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी हे ओळखले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झाले होते, तरी बँकेच्या दारात खानावळवालीला उभे करणारे कोणी नव्हते. १९७५ मध्ये चौदा स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यापासून अन्नपूर्णा महिला मंडळाची सुरुवात झाली. परस्परांची हमी हेच तारण. पुढे संख्या हजारोंवर गेली आणि कर्जाबरोबर प्रशिक्षण, निवारा, वैद्यकीय मदत अशी कामे वाढली. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. कामगार गावी परतू लागले तशी खानावळीची गिऱ्हाइके गेली, बाकीही बुडाली. संपाच्या इतिहासात या बुडालेल्या बाकीची नोंद फारशी नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांच्या 'कथा मुंबईच्या गिरणगावाची' या मौखिक इतिहासासारखी पुस्तके म्हणूनच मोलाची ठरतात.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्रात पुन्हा १८९७ चाच कायदा लागू झाला. धारावीत त्या वेळी पालिकेच्या यंत्रणेबरोबर वस्तीतलेच खाजगी डॉक्टर घरोघर तपासणीला निघाले. ओळखीच्या माणसाने दार ठोठावले म्हणजे दार उघडते, हे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अनुभवातून शिकता आले असते. प्रत्येक पिढीला ते नव्याने शिकावे लागते, याला आपल्या इतिहासलेखनाची विषयवार वाटणीही काही अंशी जबाबदार आहे. लोखंडे कामगार चळवळीच्या खणात, सावित्रीबाई शिक्षणाच्या, जोशी कायदेमंडळाच्या, बोले सामाजिक सुधारणेच्या आणि खानावळवाल्या कोणत्याच खणात नाहीत.

अभ्यासक्रम बदलणे आमच्या हाती नाही. वाचनाचे प्रश्न बदलणे मात्र प्रत्येक शिक्षकाच्या हाती आहे. गिरणगावातील कोणतीही कथा, कविता किंवा नाटक पुढे आले की त्यात पाणी कोठून येते, जेवण कोण रांधते, आजारी माणसाजवळ कोण बसते आणि त्या दिवसाची मजुरी कोणाची बुडते, एवढे चार प्रश्न विद्यार्थ्यांना विचारून पाहावेत. ज्या नावांना आपण पुढारी म्हणत आलो त्यांच्या शेजारी काही नवी नावे, आणि ज्यांची नावे उरली नाहीत अशा बऱ्याच स्त्रिया, आपोआप उभ्या राहतील.