पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि आत्मिक अधिकाराचा प्रश्न

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) धर्मांतराची चर्चा विपुल झाली; धर्मांतरानंतर त्यांनी चर्चच्या सत्तेशी घातलेला वाद मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अल्पावधीतच त्यांनी त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी शंका उपस्थित केल्या. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुषांना शिकविण्यासही बिशपांनी हरकत घेतली. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाईंची भूमिका स्पष्ट दिसते : पुरोहितवर्गाचे जोखड झुगारल्यावर दुसरे जोखड त्या स्वीकारणार नव्हत्या. शास्त्राचा अर्थ लावण्याचा अधिकार त्यांनी स्वतःच्या सदसद्विवेकाकडे ठेवला.

या भूमिकेची कसोटी स्वदेशी लागली. १८८९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन पुढे पुण्यास आले. रमाबाईंच्या प्रार्थनेस काही मुली बसू लागताच वाद पेटला व १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. जिने स्वतःसाठी विवेकस्वातंत्र्य मागितले, तिच्या प्रभावाखालील मुलींची निवड कितपत स्वतंत्र होती, हा टीकाकारांचा प्रश्न निरर्थक म्हणता येत नाही. रमाबाईंनी मात्र आपली प्रार्थना दाराआड नेली नाही.

पुढे केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर केले. ते समग्र रूपात त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. सामान्य स्त्रीच्या हाती तिला कळेल असा ग्रंथ देणे, म्हणजेच अर्थ लावण्याचा अधिकार तिच्यापर्यंत पोहोचविणे होय. रमाबाईंच्या आत्मविश्वासाचे ऐतिहासिक मोल येथेच आहे.