डोळ्यांचे संसर्ग आणि रोगनिदानाचे संकेतांक

डोळा लाल होणे, पाणी वाहणे, सकाळी पापण्या चिकटणे या तक्रारींना बोलीभाषेत ‘डोळे आले’ असे एकच नाव आहे. वैद्यकीय नोंदीत मात्र त्यामागे अनेक निदाने असू शकतात आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र संकेतांक ठरलेला आहे. रुग्णालयाच्या कागदपत्रांवर किंवा विम्याच्या दाव्याच्या अर्जावर दिसणारी ‘एच १०.३’, ‘एच ०४.४’ यांसारखी अक्षरे व आकडे म्हणजे हेच संकेतांक होत.

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा पाया फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी १८९३ साली सादर केलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीने घातला. १९४८ मध्ये ही जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. १९९० साली संमत झालेल्या दहाव्या आवृत्तीत नेत्रविकारांना प्रथमच स्वतंत्र प्रकरण मिळाले. एच ०० ते एच ५९ हे संकेतांक त्या प्रकरणातील आहेत.

अश्रुमार्गाचे विकार

अश्रू वरच्या पापणीआड बाहेरच्या बाजूस असलेल्या ग्रंथीत तयार होतात. डोळ्यावरून पसरून ते नाकाकडील कोपऱ्यातील दोन सूक्ष्म छिद्रांतून अश्रुपिशवीत व तेथून नलिकेने नाकात उतरतात. या मार्गात विकार नेमका कोठे आहे, यावर संकेतांक ठरतो. ग्रंथीच्या दाहासाठी एच ०४.०, नुसत्या पाणी वाहण्यासाठी एच ०४.२ आणि मार्ग अरुंद झाला असल्यास एच ०४.५ असे संकेतांक आहेत.

अश्रुपिशवीच्या दाहाला मराठीत ‘लासरू’ म्हणतात. तो तीव्र असेल तर एच ०४.३ आणि जुनाट असेल तर एच ०४.४ हा संकेतांक येतो. तीव्र प्रकारात कोपऱ्याशी लाल, ठणकणारी गाठ येते व प्रतिजैविके तातडीने द्यावी लागतात. जुनाट प्रकारात वेदना फारशी नसते. पाणी वाहत राहते आणि पिशवी दाबली असता पू छिद्रांतून वर येतो. त्यावर बहुधा पिशवीतून नाकात नवा मार्ग काढण्याची शस्त्रक्रिया करतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी ही नोंद फार महत्त्वाची ठरते. पिशवीतील जंतू शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यात शिरल्यास नेत्रगोलाच्या आत पू होऊन दृष्टी जाऊ शकते. त्या गुंतागुंतीचा संकेतांक एच ४४.० आहे.

नवजात बालके

बालकांच्या बाबतीत वय आणि कारण हे दोन्ही निर्णायक ठरतात. जन्मतः अश्रुनलिका अरुंद वा बंद असल्यास नोंद नेत्रविकारांच्या प्रकरणात न होता जन्मजात दोषांच्या प्रकरणात, क्यू १०.५ येथे होते. कोपऱ्याशी नियमित मालिश केल्यास बहुतेक बालकांमध्ये ही नलिका पहिल्या वर्षातच मोकळी होते. नवजात बालकाच्या डोळ्याचा वा अश्रुपिशवीचा दाह पी ३९.१ येथे नोंदला जातो. मात्र तो दाह आईकडून आलेल्या परम्याच्या जंतूंमुळे असेल, तर संकेतांक ए ५४.३ असतो. हा भेद केवळ कागदोपत्री नाही. परम्याचा संसर्ग काही दिवसांतच बुबुळ भेदून कायमचे अंधत्व आणू शकतो. शिवाय बालकाबरोबर आईवडिलांनाही उपचार आवश्यक असतात.

साथीची मोजदाद

पावसाळ्यात डोळ्यांची साथ पसरते. २०२३ साली महाराष्ट्राने अशी मोठी साथ अनुभवली. साथीतील रुग्णाचे कारण तपासून निश्चित झाले नसेल, तर ‘तीव्र दाह, प्रकार अनिर्दिष्ट’ या अर्थाचा एच १०.३ लिहिला जातो. विषाणू ओळखला गेल्यास नोंद संसर्गजन्य रोगांच्या प्रकरणात जाते. अॅडेनोविषाणूसाठी बी ३०.१, तर एंटेरोविषाणूमुळे रक्तस्रावासह येणाऱ्या साथीसाठी बी ३०.३ आहे. अॅलर्जीमुळे येणाऱ्या तीव्र दाहाचा एच १०.१ संसर्गात मोडत नाही. सर्व रुग्ण एकाच संकेतांकाखाली टाकले, तर साथ कशाची होती हे मागाहून कळत नाही.

खुपऱ्यांचे उदाहरण बोलके आहे. सक्रिय खुपऱ्या ए ७१ मध्ये आणि त्यांचे मागे उरलेले परिणाम बी ९४.० मध्ये नोंदले जातात. वृद्धांमधील जुने व्रण आणि चालू संसर्ग यांची गल्लत झाल्यास रोग हटला की नाही, हे सांगता येणार नाही. भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्यांचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले.

रुग्णाने काय पाहावे?

भारतातील आरोग्य विम्याच्या प्रमाणित दावा-अर्जात रुग्णालयाने भरावयाच्या भागात दहाव्या आवृत्तीच्या संकेतांकांसाठी रकाना आहे. लिहिलेले निदान, संकेतांक आणि केलेली शस्त्रक्रिया यांचा मेळ नसेल, तर कंपनी खुलासा मागू शकते. ‘जन्मजात’ या शब्दाला पॉलिसीत स्वतंत्र व्याख्या असते, हेही पालकांनी लक्षात ठेवावे.

दहाव्या आवृत्तीच्या मूळ संकेतांकातून डोळा उजवा की डावा हे कळत नाही. अमेरिकेने २०१५ पासून वापरात आणलेल्या विस्तारित रूपात ती सोय आहे. तेथे उजव्या अश्रुपिशवीच्या तीव्र दाहाला एच ०४.३२१, तर डाव्या बाजूसाठी एच ०४.३२२ आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत बाजू व जंतू दर्शविणारे जोडसंकेतांक आहेत. दहाव्या आवृत्तीनुसार नोंद होत असेल तेथे कोणता डोळा, विकार तीव्र की जुनाट आणि कारण ठरले असल्यास कोणते, हे डिस्चार्ज कार्डावर शब्दांत लिहिलेले असणे इष्ट. त्यात त्रुटी आढळल्यास दावा दाखल करण्यापूर्वीच उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून दुरुस्ती करून घ्यावी.