मोतीबिंदूचं ऑपरेशन: मशीन नवं आहे, पण पेडलवर पाय कोणाचा?

मी वडखळचा. इथून एक रस्ता अलिबागला जातो, दुसरा पेण-पनवेलकडे. आजोबांना मोतीबिंदू निघाला की त्यांना कुठे न्यायचं, हे शोधायचं काम घरातल्या मोबाइलवाल्या नातवावर पडतं. सर्च केलं तर जाहिरातीत मशीनचं नाव ठळक दिसतं. ऑपरेशन नक्की कोण करणार, ते शोधूनही सापडत नाही.

आधी मशीन करतं काय ते बघू. डोळ्यातलं भिंग गढूळ झालं की तो मोतीबिंदू. फेको पद्धतीत साधारण अडीच मिलिमीटरच्या छेदातून सुई आत जाते. तिचं टोक सेकंदाला सुमारे 40 हजार वेळा थरथरतं, भिंगाचे तुकडे करतं आणि चुरा शोषून घेतं. अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन यांनी 1967 मध्ये ही पद्धत आणली. शोषण्याचा आणि थरथरण्याचा जोर डॉक्टर पायाखालच्या पेडलने सांभाळतात, गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटरसारखा.

खरी मेख पुढे आहे. भिंगाची पारदर्शक पिशवी तशीच ठेवायची असते, कारण नवी लेन्स तिच्यातच बसते. या पिशवीची मागची बाजू मधोमध जेमतेम 4 मायक्रॉन जाड असते. आपला केस याच्या दहापट तरी जाड! शेवटचा तुकडा शोषला जाताना ही पिशवी झटकन सुईकडे ओढली जाऊ शकते. पाय उचलायला क्षणभर उशीर झाला तरी ती फाटते. मग मागची जेली पुढे येते, लेन्स बसवणं अवघड होतं आणि तुकडा मागे पडला तर पडद्याच्या डॉक्टरांकडे दुसरं ऑपरेशन लागतं.

अनुभवाने किती फरक पडतो? मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातल्या 79,777 ऑपरेशनांचा अभ्यास 2012 मध्ये छापून आला. ऑपरेशन चालू असताना गुंतागुंत होण्याचं प्रमाण तिथल्या कायम सर्जनांकडे 0.79 टक्के होतं, शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांकडे 2.06 टक्के आणि बाहेरून शिकायला आलेल्यांकडे 5.01 टक्के. गंमत म्हणजे शिकाऊ हातांना फेकोपेक्षा स्वस्तातली, मशीनशिवायची लहान छेदाची पद्धत जास्त सुरक्षित ठरली. महागड्या लेझरचंही तेच: फ्रान्समधल्या फेमकॅट चाचणीत (2020) तो साध्या फेकोपेक्षा सरस ठरला नाही.

आपल्याकडे पूर्वी जे.जे.मध्ये असलेल्या डॉ. तात्याराव लहानेंचं नाव झालं ते लाखावर ऑपरेशनांमुळे. अर्थात नवे डॉक्टर कुठेतरी शिकणारच. शिकवणारा सर्जन शेजारी उभा असेल तर घाबरायचं कारण नाही. पण विचारायला लाजू नका: ऑपरेशन तुम्हीच करणार का? वर्षाला साधारण किती करता? पिशवी फाटली तर पुढची सोय इथेच आहे की मुंबईला जावं लागेल? चांगले डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाहीत.

एक काम तुमच्या फोनचं. आजोबांच्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढून न्या. लघवीच्या त्रासासाठी दिली जाणारी टॅमसुलोसिन घेत असतील तर ऑपरेशनमध्ये बाहुली आकसते, बुबुळाचा पडदा सैल पडून लडबडतो. आधी कळलं तर डॉक्टर तयारीत राहतात. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका. ती बंद केली तरी हा धोका उरतोच.

आणि सर्जन कितीही मुरलेला असला तरी जंतुसंसर्गाचा धोका शून्य होत नाही. ऑपरेशननंतर डोळा जास्त दुखू लागला, लाल झाला किंवा आलेली नजर पुन्हा धूसर झाली तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांना फोन करा आणि आजोबांना घेऊन निघा. अशा वेळी उशीर झाला तर नजर कायमची जाऊ शकते.