आबांचा हात

२००४ साली आमच्या घरी सेकंडहँड पेंटियम ३ होता, ८०० मेगाहर्ट्झचा. त्याच वर्षी आत्याच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट बाबांनी फोटो स्टुडिओतून व्हीसीडीवर उतरवून आणली. लग्नानंतर दोनच वर्षांत आबा गेले होते. हलते-चालते आबा तेवढ्या सीडीतच उरलेत.

व्हीसीडीचं मानक १९९३चं. ३५२ बाय २८८ ठिपके, सेकंदाला २५ चित्रं, एका सीडीत ७४ मिनिटं. (म्हणून हिंदी सिनेमाच्या मध्येच कुणीतरी उठून सीडी बदलायचं.) म्हणजे एका चित्रात साधारण १ लाख ठिपके, आणि आमचा मॉनिटर १०२४ बाय ७६८, म्हणजे ७ लाख ८६ हजारांचा. मधले ठिपके कुणीतरी हिशेब करून भरायचे, हेच अपस्केलिंग. ग्राफिक्स कार्ड ते परस्पर करायचं, पण शेजारच्या ठिपक्यांची साधी सरासरी काढून. आबा धुक्यात उभे असल्यासारखे दिसायचे.

मग दादाने, म्हणजे चुलतभावाने, एफएफडीशो टाकलं. त्यात ‘लान्त्सोश’ नावाचा पर्याय होता. कॉर्नेलियस लान्त्सोश (१८९३–१९७४) हे हंगेरियन गणिती. चित्र मोठं करणारा तो कोड एमप्लेअरमधून आलेला, आणि एमप्लेअरही २००० साली एका हंगेरियन प्रोग्रामरनेच सुरू केलेला! कडा खरंच रेखीव झाल्या. पण आबा अक्षता टाकायला हात वर न्यायचे आणि हात हवेतच राहायचा. आवाज पुढे, चित्र मागे.

का, ते मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. लान्त्सोशच्या नेहमीच्या प्रकारात प्रत्येक ठिपक्यासाठी आडवे ६ आणि उभे ६ शेजारी विचारात घेतात, म्हणजे ढोबळमानाने १२ गुणाकार. ७ लाख ८६ हजार गुणिले २५ गुणिले १२, वर रंगांसाठी दीडपट: सेकंदाला सुमारे ३५ कोटी गुणाकार. प्रोसेसरकडे सेकंदाला ठोके ८० कोटी. १९९७मध्ये आलेल्या एमएमएक्समुळे चार छोटे गुणाकार एका फटक्यात होत, म्हणजे कागदावर सगळं बसत होतं. पण त्याच ठोक्यांत सीडीवरचं चित्र उलगडायचं, मेमरीतून ठिपके आणायचे, तयार चित्र ग्राफिक्स कार्डाकडे पोचवायचं. शिवाय व्हिडिओला सरासरी चालत नाही. प्रत्येक चित्राला ४० मिलिसेकंद, बस्स. अक्षता उडतात, सगळा मांडव हलतो, तेव्हाचं चित्र उलगडायला सगळ्यात जड, आणि आम्हाला पाहायचं होतं नेमकं तेच.

गेल्या वर्षी मी तीच फाइल लॅपटॉपवर एआय अपस्केलरला दिली. रात्रभर पंखा घोंघावत होता. सकाळी आबा लख्ख! भुवयांचे केससुद्धा दिसत होते. बाबांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, पुन्हा मागे नेऊन पाहिलं.

“अरे, दात कुणी बसवले यांना?”

आबांचा पुढचा एक दात पडलेला होता. मूळ चित्रात तो दोन काळ्या ठिपक्यांएवढा. मशीनने तिथे चांगला पांढरा दात भरला होता. मी ती फाइल पुसली आणि मूळ व्हिडिओ लान्त्सोश लावून टीव्हीवर चालू केला. प्रोसेसरला त्याचा पत्ताही लागला नाही. आबांनी हात वर नेला, अक्षता टाकल्या, आणि हात खाली आला.