आरोपी अठराच्या आतला असेल तर पुढे काय होतं?

"अल्पवयीन आहे, सुटणार." लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पकडलेला मुलगा अठराच्या आतला निघाला की बेळगावच्या बाजारापासून खानापूरच्या बस स्टँडपर्यंत हेच वाक्य कानावर येतं. ते ऐकून मुलीच्या घरचे हातपाय गाळतात आणि मुलाच्या घरचे निर्धास्त होतात. दोघांचाही समज चुकीचा आहे. अठराच्या आतल्या आरोपीला कायदा सोडून देत नाही, वेगळ्या वाटेनं नेतो. ती वाट सोळा वर्षांपाशी पुन्हा फुटते, आणि कुठल्या फाट्यानं जायचं हे बऱ्याचदा पहिल्या काही आठवड्यांतच ठरतं.

हा समज रुजला तो दिल्लीच्या प्रकरणानंतर. १६ डिसेंबर २०१२ च्या त्या घटनेतल्या सहा आरोपींपैकी एक जण अठराला सहा महिने कमी होता. ३१ ऑगस्ट २०१३ रोजी बाल न्याय मंडळानं त्याला तीन वर्षं विशेष गृहात ठेवण्याचा आदेश दिला. त्या वेळच्या कायद्यात त्याहून जास्त काही नव्हतंच. डिसेंबर २०१५ मध्ये तो बाहेर पडला, देशभर संताप उसळला, आणि त्याच आठवड्यात, २२ डिसेंबरला, राज्यसभेनं नवा बाल न्याय कायदा मंजूर केला. १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू आहे. मजेची गोष्ट अशी की बालकाचं वय १८ वरून खाली आणू नये, असं न्यायमूर्ती वर्मा समितीनं २०१३ च्या जानेवारीतच सांगितलं होतं. सरकारनं वय १८ च ठेवलं, पण सोळा ते अठरा या वयासाठी एक दार मोठ्यांच्या खटल्याकडे उघडून दिलं.

पोक्सोत आरोपीच बालक असेल तर काय, याचं उत्तर त्या कायद्याच्या कलम ३४ मध्ये आहे: त्याचं प्रकरण बाल न्याय कायद्यानुसार चालवायचं. त्याच गुन्ह्यात सोबत मोठा आरोपी असला तरी दोघांचा खटला एकत्र चालत नाही. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्याच्या नजरेत गुन्हाच होत नाही. सात ते बारामध्ये त्याची समज तपासली जाते.

पहिले २४ तास

मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतलं की त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकांसाठी नेमलेला अधिकारी असतो, मुलगा त्याच्या ताब्यात असायला हवा. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे उभं करावं लागतं. त्या दिवशी मंडळाची बैठक नसेल तर मंडळाच्या एखाद्या सदस्यापुढे नेलं तरी चालतं. मंडळ म्हणजे तीन माणसं: एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यात एक तरी महिला. प्रत्येक जिल्ह्यात असं मंडळ असलंच पाहिजे असा नियम आहे.

जामिनाचा नियमही उलटा आहे. मोठ्या आरोपीनं जामीन का द्यावा हे पटवायचं असतं. इथे जामीन हाच नियम, आणि तो नाकारायचा तर मंडळानं कारण लिहायचं. कारणं तीनच: बाहेर गेल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत सापडेल, त्याला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. जामीन मिळाला नाही तर निरीक्षणगृह, ज्याला आपल्याकडे अजून रिमांड होमच म्हणतात. गोव्यात हे काम मेरशीच्या 'अपना घर'मध्ये चालतं.

पंधरा दिवसांत परिवीक्षा अधिकारी मुलाच्या घरी, शाळेत, शेजारी चौकशी करून सामाजिक अहवाल देतो. घरात मारहाण आहे का, शाळा कधी सुटली, संगत कोणाची, आधी असं काही घडलं होतं का, मुलाच्या हातात मोबाइल कधीपासून आहे. बरेच पालक या अधिकाऱ्याला पोलीस समजून दार लावून घेतात किंवा "आमचा पोरगा सोन्यासारखा" एवढंच सांगतात. पुढं हाच अहवाल मंडळापुढे सगळ्यात जास्त वाचला जातो, हे त्यांना कोणी सांगत नाही.

एक जूनचा वाढदिवस

आपल्या सीमाभागात या प्रकरणांचं घोडं अडतं ते वयापाशी. वय धरायचं ते गुन्हा घडला त्या दिवशीचं, पकडलं त्या दिवशीचं किंवा निकालाच्या दिवशीचं नव्हे. गुन्ह्याच्या दिवशी साडेसतरा असलेला मुलगा चौकशी चालू असताना एकोणीस झाला तरी त्याचं प्रकरण बालकाचंच राहतं. वय कशावरून ठरवायचं त्याचा क्रम कलम ९४ मध्ये आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार कार्डाला या क्रमात जागा नाही.

आता आपली परिस्थिती बघा. बाळंतपण माहेरी, म्हणजे चंदगड किंवा गडहिंग्लजला. जन्माची नोंद महाराष्ट्रात. शाळा बेळगाव तालुक्यात. पहिलीला नाव घालताना आजोबा घेऊन गेले, तारीख आठवेना, गुरुजींनी १ जून टाकली. आपल्या गावात अर्ध्या लोकांचा वाढदिवस एक जूनला का येतो हे वेगळं सांगायला नको. एरवी ही गंमत असते, पण इथे खरी तारीख आणि एक जून यांच्यातल्या तीन महिन्यांत मुलगा सोळाच्या अलीकडे की पलीकडे, अठराच्या अलीकडे की पलीकडे, हे ठरतं. मुलीच्या वयालाही तोच क्रम लागतो. तिचं वय सोळाच्या आत की बाहेर यावर कलमातली किमान शिक्षा दहा वर्षांवरून वीस वर्षांवर जाते. म्हणून दोन्ही घरांनी शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि जन्मदाखला पहिल्याच आठवड्यात काढून ठेवावा. दोन राज्यांत, दोन लिपींत नावं वेगवेगळी पडली असतील तर तेही वकिलाला आधीच सांगावं. अल्पवयीन असल्याचा दावा मात्र कधीही, अगदी शेवटच्या निकालानंतरही करता येतो. उलटही घडतं: कठुआ प्रकरणातल्या एका आरोपीला खालच्या न्यायालयांनी अल्पवयीन मानलं होतं, नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो अल्पवयीन नव्हता असं ठरवलं.

सोळाचा फाटा

मुलगा सोळाच्या आतला असेल तर गुन्हा कितीही भयंकर असो, निर्णय मंडळच देतं. समज देण्यापासून समुपदेशन, समाजसेवा, देखरेखीखाली घरी सोडणं, ते जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह, एवढीच मंडळाची मर्यादा.

सोळा ते अठरामध्ये मात्र गुन्हा कोणता हे महत्त्वाचं. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे तोच कायद्याच्या भाषेत अतिगंभीर. शिल्पा मित्तल प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की किमान शिक्षाच सात वर्षांची हवी, कमाल जास्त असून भागत नाही. पोक्सोत याचा अर्थ असा: बलात्कार किंवा त्या स्वरूपाचा अत्याचार अतिगंभीरमध्ये मोडतो. वाईट हेतूनं अंगाला हात लावणं हा गुन्हा आहेच, पण त्याची किमान शिक्षा तीन वर्षं, म्हणून ते प्रकरण मंडळाकडेच राहतं.

अतिगंभीर गुन्ह्यात मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं. मुलाची असा गुन्हा करण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता होती का, परिणाम त्याला कळत होते का, आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला. त्यानं गुन्हा केला की नाही हे इथं ठरवायचं नसतं. नेमकी हीच गल्लत होते. दोन-चार प्रश्न, एक बुद्ध्यांक चाचणी, आणि 'मुलगा हुशार आहे, सगळं समजतं' असा शेरा. गुरुग्रामच्या शाळेतल्या खून प्रकरणात जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यावर बोट ठेवलं: मंडळात बाल मानसशास्त्राची पदवी असलेला व्यावसायिक नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं ऐच्छिक नाही, घ्यावीच लागेल. सोळा वर्षांच्या पोराला 'बलात्कार वाईट' हे कळतं; त्याचे परिणाम समोरच्या मुलीला, स्वतःला, दोन्ही घरांना काय भोगावे लागतील हे त्याच्या डोक्यात त्या क्षणी किती होतं, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो अर्ध्या तासात सुटत नाही.

मूल्यांकन तीन महिन्यांत व्हावं असं कायदा म्हणतो. कर्नाटकातल्याच एका प्रकरणात मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही मुदत सक्तीची नसून मार्गदर्शक असल्याचं सांगितलं, आणि या आदेशाविरुद्ध अपिलाला ३० दिवस ठरवून दिले. अपील मुलाच्या घरच्यांनाच नव्हे, तक्रारदारालाही करता येतं. हे तीस दिवस मुलीच्या घरचे बहुतेक वेळा हातचे घालवतात, कारण मंडळाचा आदेश झाला हेच त्यांना उशिरा कळतं.

मंडळानं प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवलं तरी तिथले न्यायाधीश पुन्हा विचार करतात: मोठ्यांसारखा खटला चालवायचा की मंडळासारखी चौकशी. मोठ्यांसारखा चालला आणि दोष सिद्ध झाला तर मोठी शिक्षा होऊ शकते, पण फाशी नाही आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. एकवीस पूर्ण होईपर्यंत त्याला तुरुंगात नव्हे, सुरक्षित ठिकाणी ठेवतात. एकविसाव्या वर्षी पुन्हा तपासणी होते: सुधारला असेल तर अटींवर सुटका, नाहीतर उरलेली शिक्षा तुरुंगात. मंडळाकडेच निकाल लागलेल्या मुलाची नोंद ठरावीक काळानंतर नष्ट केली जाते आणि त्या निकालामुळे नोकरी-शिक्षणात अपात्रता येत नाही. मोठ्यांसारखा खटला चाललेल्याला ही सवलत नाही.

पळून गेलेली जोडी

सगळ्यात अवघड भाग हा. सतराचा मुलगा, सोळाची मुलगी, कॉलेजातली ओळख, एक दिवस दोघं निघून जातात. मुलीचे वडील तक्रार देतात. पोक्सोत अठराच्या आतल्या मुलीच्या संमतीला किंमत नाही. २०१२ पूर्वी संमतीचं वय सोळा होतं. कलम लागतं ते अतिगंभीर गुन्ह्याचंच, आणि हा मुलगा अंधारात मुलीवर झडप घालणाऱ्याच्याच रांगेत मूल्यांकनासाठी बसतो. कायद्याला मुलगा-मुलगी सारखे असले तरी प्रत्यक्षात आरोपी होतो तो मुलगाच. बेळगाव जिल्हा ज्याच्या अखत्यारीत येतो त्या धारवाड खंडपीठानं नोव्हेंबर २०२२ मध्ये अशाच पळून गेलेल्या मुलीच्या खटल्यात विधी आयोगाला वयाचा फेरविचार करायला सांगितलं होतं, आणि नववीपासून पुढच्या मुलांना पोक्सोची माहिती देण्याची व्यवस्था करायलाही. विधी आयोगानं सप्टेंबर २०२३ मध्ये वय कमी करू नये असं कळवलं. सोळा ते अठरामधल्या अशा प्रकरणांत न्यायालयाला शिक्षेत थोडी मोकळीक द्यावी, एवढंच सुचवलं. म्हणजे आज तरी कायदा होता तिथेच आहे. आमच्या मते मूल्यांकनातला 'परिस्थिती' हा शब्द अशा वेळी मंडळांनी जरा मनावर घ्यायला हवा.

मुलीच्या घरच्यांसाठी

आरोपी लहान असला म्हणून मुलीचे हक्क लहान होत नाहीत. तिचा जबाब घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, गणवेश न घालता घ्यायचा. तपासणी महिला डॉक्टरनं, घरच्या माणसासमोर. पंचांनी बसून मिटवणं हा मार्ग नाही. गुन्हा माहीत असून न कळवणाऱ्या मोठ्या माणसाला स्वतःला शिक्षा होऊ शकते. "दोन्ही घरं आपलीच आहेत" असं म्हणत मध्यस्थी करणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

नावांबद्दल. "मुलाचं नाव छापा, गावाला कळू दे" असे फोन आम्हाला येतात. मुलीचं नाव, शाळा, फोटो तर नाहीच, आरोपी बालकाचंही छापता येत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मध्ये त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पुढं पाठवणाराही त्यातून सुटत नाही. छोट्या गावात 'अमक्या गल्लीतल्या दुकानदाराचा मुलगा' एवढं लिहिलं तरी ओळख पटते, म्हणून आम्ही तेही टाळतो.

शेवटी भाषेचं. कागद कानडीत आले आणि कळले नाहीत तर मुकाट्यानं सही करू नका. कामकाजाची भाषा न समजणाऱ्या बालकाला दुभाषा देण्याची जबाबदारी कलम ८ नुसार मंडळाची आहे, आणि पीडित मुलीसाठी तीच तरतूद पोक्सोच्या कलम ३८ मध्ये आहे. मुलगा महाराष्ट्रातला आणि गुन्हा कर्नाटकात, असं असेल तर त्याच्या हिताचं असल्यास मंडळ त्याला गावाकडच्या जिल्ह्यात पाठवण्याचा आदेश देऊ शकतं; तसा अर्ज वकिलामार्फत करावा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो, मुलालाही आणि मुलीलाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, दिवसरात्र.